आठवड्यातून दोन बोटी

शाळेत काळ-काम-वेगाची गणिते ज्यांनी सोडवली आहेत, त्यांच्या मनात एक श्रद्धा कायमची घर करून बसलेली असते. अंतराला वेगाने भागले की वेळ निघतो, ही ती श्रद्धा. पुण्याहून सुटलेली गाडी आणि मुंबईहून सुटलेली गाडी एकमेकींना कुठे भेटतील, हे आमच्या मास्तरांनी आम्हांला फळ्यावर पन्नास वेळा काढून दाखवले. पण वाटेत कर्जत लागते, तिथे वडा खावा लागतो, आणि घाट चढायचा म्हणून गाडीला मागून आणखी एंजिने जोडावी लागतात, हे त्यांनी कधी सांगितले नाही. गणितातली गाडी कुठेही थांबत नाही. गणितातल्या गाडीत कोणी चढत नाही, उतरत नाही आणि कोणी कोणाला पोचवायलाही येत नाही.

या श्रद्धेची परीक्षा पाहायची असेल, तर ग्रीसच्या बेटांइतकी चांगली जागा पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नसेल. लहानमोठी बेटे आणि नुसते खडक धरले तर त्यांची संख्या सहा हजारांच्या घरात जाते. त्यांतल्या २२७ बेटांवर माणसे राहतात, आणि पंचवीसच्या आसपास बेटांना विमानतळ आहेत. नकाशा उघडून पाहिला, तर परसात भाजणीचे वडे वाळत घातल्यासारखी ती एकमेकांना खेटून पसरलेली दिसतात. एका बेटाच्या डोंगरावर उभे राहिले की दुसरे बेट दिसते, आणि त्याच्यामागे तिसरे. आता इतक्या जवळच्या शेजाऱ्यांकडे जायला असा कितीसा वेळ लागणार?

हाच प्रश्न माझ्या भाचीने मला मध्यंतरी फोनवर विचारला. नवरा-बायको दोघे ग्रीसला निघाली होती. रजा मोजून आठ दिवसांची. त्यात अथेन्स, सांतोरिनी आणि मिकोनोस बसवायचे होते.

"मामा, तुम्ही त्या बाजूला जाऊन आला आहात. सांतोरिनीहून मिकोनोसला विमानानं किती वेळ लागतो?"

मी म्हटले, "अंतर सांगू की वेळ सांगू?"

"दोन्ही एकच ना?" ती म्हणाली. तिलाही आमच्याच मास्तरांसारखे मास्तर मिळाले असले पाहिजेत!

तेव्हा तो हिशेब इथे मांडून ठेवतो. सांतोरिनीचा विमानतळ आणि मिकोनोसचा विमानतळ यांच्यामधले सरळ अंतर भरते सुमारे ११६ किलोमीटर. त्या बाजूला पंख्याची जी लहान विमाने उडतात, त्यांचा वेग ताशी पाचशे किलोमीटर धरला, तर चौदा मिनिटांत प्रवास संपायला हवा. चहा सांगावा आणि तो येण्याच्या आत मिकोनोस यावे! प्रत्यक्षात उन्हाळ्यात एखादे थेट विमान मिळाले तर मिळाले. एरवी सांतोरिनीचे विमान तुम्हांला वायव्येला अथेन्सला नेते, तिथे उतरवते, दोन-अडीच तास बाकावर बसवते आणि मग दुसऱ्या विमानाने पूर्वेला मिकोनोसला आणते. सांतोरिनी ते अथेन्स सुमारे २१८ किलोमीटर, अथेन्स ते मिकोनोस सुमारे १३५. म्हणजे ११६ किलोमीटरांच्या शेजाऱ्याकडे जाण्यासाठी माणूस साडेतीनशे किलोमीटर उडतो. हॉटेलातून निघाल्यापासून हॉटेलात पोचेपर्यंत पाच-साडेपाच तास जातात. आता मास्तरांचे गणित उलटे करून पाहा. ११६ भागिले पाच, म्हणजे वेग ताशी तेवीस किलोमीटर. चांगली तेलपाणी केलेली सायकल एवढी धावते.

उलट उन्हाळ्यातली जलद बोट हेच अंतर दोन-तीन तासांत तोडते. म्हणजे पाण्यावरून जाणारा आभाळातून जाणाऱ्याच्या आधी पोचतो. पण ही झाली उन्हाळ्याची गोष्ट. थंडी पडली, पाहुणे परतले, की या जलद बोटीही बंद होतात. मग मिकोनोस आणि सांतोरिनी एकमेकांपासून पुन्हा दूर जातात. नकाशावर ती इंचभरही हललेली नसतात. पण जानेवारीतले त्यांचे अंतर आणि जुलैतले अंतर एक नसते.

मला वाटते, यात नुसती गंमत नाही. विमानांनी बेटे जवळ आणली असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. विमानांनी प्रत्येक बेट अथेन्सच्या जवळ आणले. शेजारच्या बेटाच्या जवळ आणले असे मात्र नाही. चाकाच्या आऱ्यांसारखी ही विमाने. प्रत्येक आरा तुंब्याशी जोडलेला. आऱ्याआऱ्यांत नाते असे काही नाही. घरातल्या थोरल्या भावाशी सर्वांनी बोलावे, पण धाकट्यांनी एकमेकांशी बोलायचे तरी थोरल्याच्या मार्फत, अशी ही एकत्र कुटुंबाची तऱ्हा आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे लोभस आहेत. क्रीट आणि ऱ्होड्स या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये कार्पाथोस आणि कासोस ही दोन बेटे आहेत. त्यांच्या विमानतळांतले अंतर सुमारे एकवीस किलोमीटर. या दोहोंमध्ये ठरलेल्या वेळापत्रकाने विमान जात आले आहे, आणि त्याचा हवेतला प्रवास पाच मिनिटांचा म्हणून प्रसिद्ध आहे. जगातल्या सर्वांत छोट्या नियमित उड्डाणांत त्याची गणना होते. पट्टा बांधा, अशी सूचना करणाऱ्या बाईंचे वाक्य पुरे होईतो पट्टा सोडायची वेळ येत असेल! पण त्या पाच मिनिटांसाठी विमानतळावर आधी जाऊन बसणे, सामान वजनावर ठेवणे आणि उतरल्यावर ते परत मिळण्याची वाट पाहणे काही चुकत नाही. विमानाचा वेग कितीही वाढला, तरी माणसाच्या ट्रंकेचा वेग वाढलेला नाही.

या विमानतळांना ग्रीक लोकांनी नावेही मोठी रसिकतेने दिली आहेत. क्रीटमधल्या इराक्लिओच्या विमानतळाला कादंबरीकार निकोस काझान्झाकिसचे नाव आहे. लेस्बोसच्या विमानतळाला कवी ओदिसेअस एलितिसचे, खिओसच्या विमानतळाला होमरचे. कोसच्या विमानतळावर वैद्यराज हिपॉक्रेटिस आहेत, आणि ऱ्होड्सच्या विमानतळावर दिआगोरास नावाचा प्राचीन मुष्टियोद्धा. सामोसच्या विमानतळाला नाव आहे अरिस्टार्कसचे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सामोसच्या या माणसाने सूर्य आणि चंद्र आपल्यापासून किती लांब आहेत हे कोन मोजून काढण्याचा घाट घातला. सूर्य चंद्राच्या सुमारे एकोणीस पट दूर, असे त्याचे उत्तर आले. खरे उत्तर चारशेच्या जवळपास आहे. पण रीत बिनचूक होती, डोळा तेवढा कमी पडला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हेही त्यानेच त्या काळी सांगून ठेवले. अशा माणसाच्या नावाच्या विमानतळावर उभे राहून शंभर किलोमीटरांवरच्या खिओसला केव्हा पोचू याची चौकशी करायची, म्हणजे गंमतच आहे.

पण सर्वांत धीट नाव इकारिया बेटाने ठेवले आहे. १९९५ साली सुरू झालेल्या तिथल्या विमानतळाचे नाव 'इकारोस'. पंख वितळून समुद्रात पडलेल्या मुलाचे नाव विमानतळाला द्यायला ग्रीकांचीच छाती पाहिजे.

खरे म्हणजे, एका ग्रीक बेटावरून दुसऱ्याकडे झालेले पहिले उड्डाण ते हेच. क्रीटच्या राजाने डेडॅलस या कारागिराला आणि त्याच्या मुलाला अडकवून ठेवले. जमीन आणि पाणी राजाच्या ताब्यात; आभाळ तेवढे मोकळे. बापाने पिसे आणि मेण यांचे पंख केले आणि दोघे निघाले. रोमन कवी ओव्हिडने त्यांचा मार्गही देऊन ठेवला आहे. डेलोस आणि पारोस मागे पडली होती, डाव्या हाताला सामोस होते, उजवीकडे लेबिंथोस आणि मधासाठी नावाजलेले कालिम्नोस होते, तेव्हा मुलगा सूर्याच्या फार जवळ गेला. नकाशावर पट्टी ठेवली, तर क्रीटमधल्या क्नोसोसपासून इकारियापर्यंतचे सरळ अंतर सुमारे २७० किलोमीटर भरते. बाप-लेकांना किती वेळ लागला, याची नोंद ओव्हिडने केलेली नाही. पण डेडॅलस स्वतः अथेन्सचा. अथेन्सचा माणूस असूनही तो अथेन्सला न थांबता गेला; तसे करणारा त्या समुद्रावरचा तो पहिलाच!

जुन्या काळी अंतर आणि वेळ यांची अशी फारकत झालेली नव्हती. समुद्रावर अंतर मोजायचे तेच वेळेने. हेरोडोटसने हिशेब दिला आहे, की लांब दिवसाच्या प्रवासात जहाज सत्तर हजार वाव जाते आणि रात्रीच्या प्रवासात साठ हजार. दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर होते तेवढी त्यांची 'ओर्गिया', आणि तेवढाच आपला वाव. सत्तर हजार वाव म्हणजे आजचे सव्वाशे किलोमीटर धरायला हरकत नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी वारा पाठीशी असता मिकोनोसहून पहाटे निघालेला माणूस दिवस मावळायच्या सुमारास सांतोरिनीला लागत असला पाहिजे. आपली भाची त्याच्यापेक्षा फार लवकर पोचते असे नाही. ती फक्त अधिक दमते.

पुढे विद्वान आले आणि त्यांचे खलाशांशी भांडण झाले. ऱ्होड्स बेटापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियापर्यंत समुद्रवाट किती? खलाशी कोणी चार हजार स्टेडिया म्हणत, कोणी पाच हजार म्हणायलाही कचरत नसत. एराटोस्थेनिसने दोन्हीकडे काठीची सावली मोजली आणि सांगितले, तीन हजार सातशे पन्नास. स्ट्रेबोच्या भूगोलात ही हकिगत आहे. आपण शिकलेली माणसे, तेव्हा अर्थातच एराटोस्थेनिसच्या बाजूने उभे राहतो. पण मला त्या खलाशांचाही कैवार घ्यावासा वाटतो. ज्याला चार हजार लागले तो वारा धरून गेला असेल. ज्याला पाच हजार लागले त्याला वाऱ्याने झुलवले असेल. सावली मोजणाऱ्याने दोन गावांमधले अंतर सांगितले. खलाशांनी आपापला प्रवास सांगितला. दोघेही खरेच बोलत होते.

आणि त्या समुद्रावर वाऱ्याला विचारल्यावाचून काही ठरत नाही. जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक वारा सुटतो. आजचे लोक त्याला 'मेल्तेमी' म्हणतात. प्राचीन ग्रीक त्याला म्हणत 'एतेसिया', म्हणजे वर्षाच्या वर्षाला येणारा. आपण आपल्या वाऱ्याला मौसमी म्हणतो ते अरबी 'मौसिम' म्हणजे ऋतू या शब्दावरून. दोन्ही नावांच्या पोटातला अर्थ एकच. हा नुसता शब्दांचा योगायोग नव्हे. उन्हाळ्यात आपल्या उपखंडाच्या वायव्येला जमीन तापते आणि हवेचा दाब उतरतो. या कमी दाबाचे एक टोक इराण-इराकवरून थेट तुर्कस्तानपर्यंत पसरलेले असते. बाल्कनच्या बाजूला दाब चढा असतो. चढ्या दाबाकडून उतरत्या दाबाकडे हवा धावते, ती एजियनवरून धावते. म्हणजे जो उन्हाळा आपल्याकडे पाऊस ओढून आणतो, तोच तिकडे मेल्तेमी ओढून आणतो. आपल्या वाट्याला काळे ढग येतात. त्यांच्या वाट्याला निरभ्र निळे आभाळ आणि त्याखाली पिसाळलेला समुद्र.

प्लिनी सांगतो, की पहिल्या शतकात हिंदुस्थानला येणारे व्यापारी अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने वर जात, ते याच एतेसिया वाऱ्याच्या जोरावर बारा दिवसांत. पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आपला मौसमी वारा त्यांना उचलून घेई आणि चाळीस दिवसांत मलबारच्या किनाऱ्याला लावी. एका वाऱ्याने दुसऱ्याच्या हाती दिलेली ही माणसे. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर स्वतःला 'यवन' म्हणवणाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. तो शब्द मुळात एजियनच्या काठच्या आयोनियन लोकांचा. कार्ल्याला खांब देणारे ते यवन कोठून आणि कसे आले होते हे खांब सांगत नाही. पण त्यांच्या नावात त्या समुद्राची खारी झुळूक अजून आहे.

तो मेल्तेमी मी एकदाच अनुभवला, तोही पिरेअसच्या धक्क्यावर बसून. ग्रीसमध्ये वाऱ्याचे मान ठरावीक अंशापुढे गेले की बंदराचा अधिकारी बोटींना निघायला मनाई करतो. मोठ्या बोटींसाठी साधारण आठवा अंश धरतात. आठवा अंश म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरांचा वारा. जलद बोटींची सहनशक्ती त्याहून कमी. त्या दिवशी सकाळीच मनाई लागली. आभाळ असे स्वच्छ होते, की कोणी वादळ आहे म्हणून सांगितले तर हसावे. धक्क्यावर शे-दोनशे माणसे सामानावर बसून होती. परदेशी पाहुणे घड्याळे पाहत होते, फोन करीत होते, पुढची आरक्षणे रद्द करीत होते. आमची मंडळी मात्र शांत होती. ती रत्नागिरीकडची. तिच्या लहानपणी कोकणच्या बोटी होत्या आणि पावसाळ्यात त्या बंद असत.

"आमच्याकडे चार चार महिने बोट नसे," ती म्हणाली, "हे तर एका दिवसानं घाबरलेत."

तिच्या ध्यानात आले नव्हते, पण कोकणच्या बोटी बंद पाडणारा आणि पिरेअसची बोट थांबवणारा गुन्हेगार एकच होता!

आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. काळा पोशाख, एका डोळ्यावर पट्टी, पायांशी औषधांची पिशवी आणि खोक्यात घातलेला नवा कोरा विजेचा पंखा. बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा नातू. त्याला इंग्रजी येत होते. मोतीबिंदू काढायला त्या अथेन्सला आल्या होत्या आणि आता बेटावर परत निघाल्या होत्या. मी त्यांच्या बेटाचे नाव विचारले. मला ते ठाऊक नव्हते, म्हणून पुढचा प्रश्न विचारला, "इथून किती लांब आहे?"

नातवाने तो आजीला सांगितला. आजींनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले आणि दोन बोटे वर केली. मला वाटले, दोनशे किलोमीटर. किंवा दोन तास.

नातू म्हणाला, "आजी म्हणते, आठवड्यातून दोन बोटी."

आजची बोट चुकली तर पुढची तीन दिवसांनी. तोवर अथेन्समध्ये लेकीकडे. वारा उतरेल का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रोता ओ थेओस." आधी देव. आपण 'देवाच्या मनात असेल तसं' म्हणतो, त्याच चालीवर.

त्या उत्तराचा मी पुढे पुष्कळ दिवस विचार केला. आपल्याकडे अंतर सांगण्याच्या किती रीती होत्या! हाकेच्या अंतरावर, चिलीमभर वाट, कोसभर, दिवस मावळायच्या आत. ग्रीक माणूसही 'एका सिगारेटीची वाट' म्हणतो. या सगळ्यांत माणूस चालत असतो, त्याच्या पायांवर आणि दमावर अंतर ठरते. पण आजींच्या उत्तरात त्यांच्या पायांचा काही संबंध नव्हता. त्यांचे बेट जगापासून किती लांब, हे जग त्यांच्याकडे किती वेळा येते यावर ठरत होते. लहान बेटाच्या बाबतीत मला हेच खरे माप वाटते.

या बोटी चालतात त्या मार्गांना ग्रीक भाषेत एक विलक्षण नाव आहे, 'आगोनी ग्रामी'. शब्दशः अर्थ नापीक मार्ग. आपल्याकडच्या शेतकऱ्याने भाकड म्हटले असते. जिथे उतारू थोडे, माल थोडा, आणि फायदा मुळीच नाही, असा हा मार्ग. कोणताही बोटवाला स्वतःहून तिकडे फिरकणार नाही, म्हणून सरकार पैसे देऊन बोट पाठवते. काही लहान विमानमार्गांचेही असेच आहे. २०१८ साली ग्रीसने आणखी एक कायदा केला. त्यामागचे तत्त्व मला फार आवडले. बेटावरच्या माणसाला समुद्रावरून जायला जो खर्च येतो, तो तेवढेच अंतर जमिनीवरून जाणाऱ्याच्या खर्चाहून अधिक असू नये; अधिक असेल तर वरची रक्कम सरकारने भरून द्यावी. समुद्र मध्ये असणे हा काही त्या माणसाचा अपराध नव्हे, असेच जणू कायद्याने मान्य केले.

भाकड जनावर कोण पोसतो, असे विचारणारे तिथेही असतीलच. पण ती बोट म्हणजे नुसती बोट नाही. तिच्यातून पीठ येते, गॅसचे सिलिंडर येतात, टपाल येते. डॉक्टरकीची परीक्षा होऊन सक्तीच्या ग्रामसेवेवर निघालेला तरुण डॉक्टर तिच्यातून येतो, आणि शाळेवर नेमलेल्या बाई येतात. लहान बेटांवर प्रसूतीची सोय नसते, म्हणून दिवस भरत आलेली बाई आधीच मोठ्या गावी जाऊन राहते, ती याच बोटीने. अगदीच अडले तर हेलिकॉप्टर येते. पण वाऱ्याचे आणि हेलिकॉप्टरचेही वैर आहेच. अशा वेळी एकशे सदतीस किलोमीटर या आकड्याला काय अर्थ राहतो?

हा आकडा मी उगाच घेतला नाही. ऱ्होड्सच्या विमानतळापासून कास्तेलोरिझो या टिकलीएवढ्या बेटाचा विमानतळ सुमारे तेवढा दूर आहे. तो १९८६ साली झाला. लहान विमान अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोचते, बोटीला चार तासांच्या आसपास लागतात. समोर दोन किलोमीटरांवर तुर्कस्तानचा किनारा लागतो, आणि त्या किनाऱ्यावर काश गाव आहे, इतके जवळ की रात्री त्याचे दिवे मोजता यावेत. पण ते दुसरे राष्ट्र. विसाव्या शतकाच्या आरंभी या बेटावर हजारो लोक नांदत होते. युद्धे झाली, सत्ता बदलल्या, बोटी आल्या त्या माणसे घेऊन गेल्या. आज तिथे पाचशेच्या आसपास वस्ती आहे. त्याच्या कितीतरी पट कास्तेलोरिझोकर ऑस्ट्रेलियात, पर्थ आणि सिडनी इथे आहेत. अशा बेटावरच्या म्हातारीला विचारा, काश जवळ की पर्थ? ती पर्थ म्हणेल. तिथे तिची नातवंडे आहेत.

आता दुसऱ्या बाजूनेही बोलले पाहिजे. वेळ वाचला म्हणजे सारे मिळाले आणि बोट अडली म्हणजे सारे बुडाले, असे नाही. अथेन्सकर दरवर्षी डेलोस बेटावर अपोलोच्या उत्सवाला एक पवित्र बोट पाठवीत. ती परत येईपर्यंत नगरी शुद्ध ठेवायची, कोणालाही देहदंड द्यायचा नाही, असा नेम होता. ख्रिस्तपूर्व ३९९ साली बोटीच्या वरवंडीला हार घातला गेला आणि दुसऱ्याच दिवशी सॉक्रेटिसचा खटला उभा राहिला. शिक्षा झाली, पण बोट गेलेली. अथेन्स ते डेलोस अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. वारा उलटा असला की बोटीला फार वेळ लागे, असे प्लेटोनेच नमूद केले आहे. झेनोफोन म्हणतो, सॉक्रेटिसला तीस दिवस मिळाले. त्या तीस दिवसांत मित्र रोज तुरुंगात येत, बोलणी चालत. सत्तर वर्षांच्या त्या माणसाने, जन्मात कधी कविता केली नव्हती त्याने, इसापच्या गोष्टी पद्यात बसवल्या! मग एका पहाटे क्रिटोन सांगत आला, की बोट सुनिओनच्या भूशिरापर्यंत आल्याचे लोक म्हणतात.

दीडशे किलोमीटर, तीस दिवस. आजचे पंख्याचे विमान हे अंतर वीस मिनिटांत पार करील. त्या काळी ते असते तर इसापच्या त्या गोष्टी राहून गेल्या असत्या.

म्हणून अमुक बेटापासून तमुक बेट किती लांब, असे कोणी विचारले की आता मी आकडा सांगतो आणि पुढे वारा, ऋतू आणि बोटींची संख्या विचारून घ्यायला सांगतो. पिरेअसला त्या रात्री वारा पडला आणि पहाटे बोटी सुटल्या. त्या पट्टीवाल्या आजी आणि त्यांचा पंखा घरी पोचला असेल. आमची बोट मात्र बाहेर पडताच उसळू लागली आणि अर्ध्या उतारूंना बोट लागली. मराठीतला हा शब्द मोठा नामी आहे. बंदरालाही बोट लागते आणि माणसालाही बोट लागते. माणसाला बोट लागली तर चार तासांचे हाल. लिंबू चोखावे आणि पडून राहावे. पण बेटाला बोट लागेनाशी झाली, तर आधी डॉक्टर जातो, मग शाळा जाते, मग तरुण जातात, आणि शेवटी एक दिवस म्हातारी माणसे उरतात, समुद्राकडे पाहत. मग ते बेट शेजारच्या बेटापासून वीस किलोमीटरांवर आहे की दोनशे, हे विचारायलाही कोणी राहत नाही.